फायबर की केबल? सल्ला हवा आहे

मंडळी, नमस्कार.

पुढच्या महिन्यात घर बदलतोय. नव्या पत्त्यावर नेट देणाऱ्या दोनच कंपन्या आहेत आणि दोघींचं महिन्याचं बिल जवळपास सारखं. केबलवाली १००० एमबीपीएस देते म्हणते. अपलोडचा आकडा जाहिरातीत नव्हता. बारीक अक्षरांत शोधला तेव्हा ४० निघाला. फायबरवाली ३०० देते, अपलोडही ३००च.

आम्ही दोघंही घरून काम करतो, दोन मुलं आहेत, आणि रोज समुद्रापार आई-बाबांशी व्हिडिओ कॉल असतो. १००० घ्यावं असंच मनात आहे, पण एक गोष्ट खटकते. सध्या ५००ची केबल आहे. वेग मोजला की ५०० पुरेपूर भरतो, तरी कॉलवर समोरचा मध्येच गोठतो. पाचशेत हे होतंय ते हजारात थांबेल का?

---

पुन्हा: फायबर की केबल? सल्ला हवा आहे

१००० घे आणि मोकळा हो. त्याच पैशात तिप्पट मिळतंय तर ३०० कशाला? आमच्याकडे केबलच आहे. मालिका बघतो, बातम्या बघतो, कधी अडलं नाही.

---

पुन्हा: पुन्हा: फायबर की केबल? सल्ला हवा आहे

काका, तुमचं अडत नाही कारण तुम्ही नुसतं बघता, पाठवत काही नाही. या घरात चार माणसं पाठवणारी आहेत. (पोटापाण्याचा धंदा नेटवर्कचा आहे, म्हणून थोडं लांबेल. कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा.)

आधी १०००चं काय ते बघू. नेटफ्लिक्स ४के चित्रासाठी १५ एमबीपीएस पुरेत असं स्वतःच सांगतं. झूमच्या १०८०पी ग्रुप कॉलला वर जायला साधारण ३.८ आणि खाली यायला ३ लागतात. म्हणजे चौघं एकाच वेळी काहीही करत बसले तरी तीनशेच्या वर जाणं कठीण. हजाराचा उपयोग मोठ्या फायली उतरवताना. तिथेही वाय-फायवरच्या लॅपटॉपला सहसा तेवढा मिळत नाही, आणि समोरचा सर्व्हर तेवढ्या वेगाने देईलच असं नाही. शिवाय एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट. फाइल मोजतो आपण मेगाबाइटमध्ये, तेव्हा आठाने भागायचं.

आता तुझा कॉल का गोठतो? माझा अंदाज असा. तुझ्या ५००च्या प्लॅनचा अपलोड २०च्या आसपास असेल. कोणाचा तरी फोन फोटो क्लाउडवर चढवायला लागतो आणि तो २०चा रस्ता पूर्ण भरतो. जास्तीचा डेटा मोडेम टाकून देत नाही, रांगेत धरून ठेवतो. रांग १ मेगाबाइटची झाली तर २० एमबीपीएसने ती रिकामी व्हायला ०.४ सेकंद लागतात. तुझ्या आवाजाचं प्रत्येक पाकीट (डेटा असा छोट्या तुकड्यांनी जातो) त्या रांगेच्या शेवटी उभं राहतं. याला बफरब्लोट म्हणतात. वेग मोजणारं पान ५०० दाखवतच राहतं, कारण वेग खरंच ५०० आहे. बिघडलेली असते ती लेटन्सी, म्हणजे पाकीट जाऊन यायला लागणारा वेळ, तीही लाइन भरलेली असतानाच.

आई-बाबांच्या कॉलला हे जास्त जाचतं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १०,००० किलोमीटरला एका बाजूने ५० मिलिसेकंद हे ठरलेलेच, आणि समुद्राखालची केबल सरळ रेषेत जात नाही, तेव्हा प्रत्यक्षात त्याहून जास्त. संभाषण नीट चालायला एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं आयटीयू या दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची जी.११४ ही शिफारस सांगते. अंतरातच एवढं खर्ची पडल्यावर मोडेमच्या रांगेसाठी जागा कुठे उरते?

केबलमध्ये अपलोड एवढा तोकडा का, हेही सांगतो. टीव्हीसाठी टाकलेल्या तारेत वर जाण्यासाठी फ्रिक्वेन्सीची अगदी चिंचोळी पट्टी ठेवलेली होती, आणि तीही वस्तीतली बरीच घरं मिळून वापरतात. संध्याकाळी सगळे घरी आले की चणचण. फायबरमध्येही वाटणी आहे, त्या भ्रमात राहू नका. जीपीओएन या नेहमीच्या फायबर पद्धतीत २.५ गिगाबिट खाली आणि १.२५ वर, हे साधारण ३२ किंवा ६४ घरांत वाटलं जातं. पण डोईचा वाटा मोठा असतो, आणि नव्या एक्सजीएस-पीओएनमध्ये दोन्ही बाजूंना १० गिगाबिट असतात.

केबलला उगाच नावंही ठेवू नयेत. डॉक्सिस (केबलवर नेट चालवायचं मानक) ३.१च्या मोडेममध्ये ही रांग आटोक्यात ठेवायची सोय असते. तुझ्याकडे जुना ३.० असेल तर निम्मं दुखणं तिथेच असण्याची शक्यता आहे.

तर आधी हे कर. लॅपटॉप तारेने राउटरला जोड, वाय-फाय बंद कर, आणि रात्री आठ-नऊच्या सुमाराला क्लाउडफ्लेअरची स्पीड टेस्ट चालव. त्यात लाइन रिकामी असतानाची आणि भरलेली असतानाची लेटन्सी वेगवेगळी दिसते. तारेवर सगळं ठीक निघालं तर दोष वाय-फायचा आहे, आणि तो कंपनी बदलून जाणार नाही. सामानाबरोबर नव्या घरी येईल. मला सांग काय दिसतं ते.

---

पुन्हा: फायबर की केबल? सल्ला हवा आहे

दादांनी तांत्रिक बाजू सांगितली, मी कागदाची सांगते. कराराची प्रत मागवून घ्या, फोनवरच्या मुलीचं बोलणं प्रमाण नाही. बघायचं ते असं: सवलतीचा दर किती महिने आणि त्यानंतरचा दर काय, मुदतीआधी सोडलं तर दंड किती, राउटर भाड्याचा की आपला, डेटाला मर्यादा आहे का. "अमर्यादित" लिहिलेलं असलं तरी न्याय्य वापराचं कलम वाचा, बऱ्याचदा खरी मर्यादा तिथे असते. मी तर दोन वर्षांचं एकूण बिल काढून त्यावरच तुलना करते, जोडणीचा खर्च धरून. महिन्याचा दर सारखा वाटणारे प्लॅन त्यात बरेच लांब जातात.

आणि "फायबर" या शब्दावर जाऊ नका. काही ठिकाणी काच रस्त्यावरच्या पेटीपर्यंतच येते आणि पुढे जुनी तांब्याची तार असते. त्या तारेत अंतराबरोबर वेग झपाट्याने पडतो. काच घराच्या आत येते का, हा प्रश्न लेखी विचारा. तुमच्या बाबतीत अपलोड ३०० सांगतायत म्हणजे येत असावी, पण विचारायला काय जातं?

---

पुन्हा: फायबर की केबल? सल्ला हवा आहे

दादा, ताई, आभार. तारेने मोजलं. लाइन रिकामी असताना १८ मिलिसेकंद. डाउनलोड चालू असताना ६० च्या आसपास. अपलोड चालू असताना ४३०! अपलोडचा वेग २०च निघाला. मोडेमच्या मागच्या चिकटपट्टीवर डॉक्सिस ३.० लिहिलंय.

ताई, फायबरवाल्यांचं उत्तर आलं: काच घरात येते, पहिलं वर्ष सोडता येत नाही. केबलला बंधन नाही. आता हे वर्षाचं बंधन जड वाटतंय. आणखी एक, पाळण्यावरचा कॅमेरा मी ऑफिसातून बघतो, तो फायबरवर चालेल ना?

---

पुन्हा: फायबर की केबल? सल्ला हवा आहे

४३० म्हणजे निदान झालं. हजाराची केबल घेतलीस तर अपलोड २०चा ४० होईल, रांग निम्म्या वेळात सरेल, पण असेल. ३०० अपलोडची लाइन घरातले फोन सहजी भरू शकत नाहीत, भरलीच तरी क्षणात रिकामी होते. मी असतो तर फायबर घेतलं असतं, वर्षाच्या बंधनासकट. फक्त बसवून झाल्यावर किती दिवसांत विनादंड परत करता येतं ते विचार, आणि त्या दिवसांत गर्दीच्या वेळी तारेने हीच चाचणी पुन्हा घे.

घर बदलेपर्यंतचा तोडगा: राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम किंवा एफक्यू-कोडेल (रांग आखूड ठेवायची सोय) दिसतं का बघ. असेल तर अपलोडची मर्यादा १८ वर बांध. रांग मग मोडेमऐवजी राउटरमध्ये होते, आणि राउटर आवाजाच्या पाकिटांना ताटकळत ठेवत नाही. दोन एमबीपीएस गेले तर जाऊ देत.

कॅमेऱ्याचं: तो निर्मात्याच्या क्लाउडमार्फत बघत असशील तर काही अडणार नाही. राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून थेट घरी जोडत असशील तर मात्र फायबरवाल्यांना सीजीनॅट आहे का ते विचार. बऱ्याच कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटतात, तेव्हा बाहेरून आत येता येत नाही. राउटरच्या वॅन (बाहेरच्या बाजूच्या) पत्त्याची सुरुवात १००.६४ ते १००.१२७ यांमधली दिसली की समजायचं. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता) किंवा स्वतंत्र पत्ता देतात का तेही त्याच पत्रात विचारून टाक. खरं तर पोर्ट उघडा ठेवलेला कॅमेरा मला तसाही पसंत नाही, पण तो वेगळा विषय.

---

पुन्हा: फायबर की केबल? सल्ला हवा आहे

एवढं वाचून आम्हीही फायबरचं मनावर घेतोय, मालिका तशाच दिसल्या तरी. एकच शंका. आमचा घरचा जुना फोन दिवे गेले तरी चालायचा. फायबरवर चालेल का?

---

पुन्हा: फायबर की केबल? सल्ला हवा आहे

नाही काका. तांब्याच्या तारेतून फोनला वीज एक्स्चेंजकडून यायची. काचेतून वीज येत नाही. भिंतीवरची फायबरची पेटी आणि राउटर दोन्ही घरच्या विजेवर चालतात, ती गेली की फोनही गेला. दोन्ही उपकरणं मिळून फार वीज खात नाहीत, छोटा यूपीएस काही तास काढतो. काकूंच्या गळ्यातलं मदतीचं बटण फोनच्या लाइनवर असेल तर जोडणी बदलण्याआधी त्या बटणवाल्यांना कळवा, त्यांच्याकडे सिमकार्डावर चालणारं मिळतं का बघा. ते हातात आल्याशिवाय जुनी लाइन तोडू नका.