मदत हवी आहे: गणित-संख्याशास्त्राची मुलं प्रोग्रॅम पाठ करतात, काय करावं?

नमस्कार मंडळी,

मी एका तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला गणित आणि संख्याशास्त्राची मुलं एकत्र येऊन प्रात्यक्षिकं करतात, थोडं पायथन आणि थोडं आर या प्रोग्रॅमिंगच्या भाषांत. इथे शिकवणारी बरीच मंडळी आहेत, म्हणून हा धागा.

मुलं हुशार आहेत. फळ्यावर सिद्धता मांडायला सांगा, कुठल्या पायरीला कुठलं गृहीतक लागतं ते बिनचूक सांगतील. तीच मुलं लॅबमध्ये जर्नलमधला प्रोग्रॅम तोंडपाठ करून येतात. चलाचं नाव बदललं किंवा दहाऐवजी 'एन' संख्या घ्यायला सांगितलं की हात थांबतात. परीक्षेला ठरलेल्या यादीतलंच प्रात्यक्षिक येणार हे त्यांना माहीत असतं, त्यामुळे त्यांच्या बाजूने हिशोब बरोबरच आहे.

काही अडचणी खास गणिताच्या मुलांच्या असतात. 'क्ष = क्ष + १' पाहिल्यावर ती अडतात, कारण गणितात या समीकरणाला उत्तरच नाही. शंका रास्त आहे. आरमध्ये किंमत द्यायला डावीकडे वळलेला बाण वापरतात, तो आधी दाखवला तर गाडी लवकर पुढे सरकते असा माझा अनुभव. मग एक दिवस ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ आहे का, असं विचारल्यावर संगणक 'नाही' म्हणतो. ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) नेमकी लिहिता येत नाही, एवढं सांगितल्यावर वर्ग खरोखर जागा होतो.

सगळ्यात चांगला तास झाला तो कापरेकर स्थिरांकाचा. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा ६१७४. चार अंकी संख्या घ्यायची (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करायची, हेच पुन्हा पुन्हा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतोच. ३५२४ घेतलं तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. सगळ्यांचे प्रोग्रॅम चालले. एका मुलीने २१११ घेतलं आणि तिचा प्रोग्रॅम थांबेचना. तिने प्रत्येक पायरीचं उत्तर छापून बघितलं: २१११ वजा १११२ म्हणजे ९९९, पुढे ९९९ वजा ९९९ म्हणजे शून्य, आणि मग शून्यच शून्य. कागदावर तिने आपोआप ०९९९ लिहून ९९९० वजा ०९९९ केलं होतं. संगणकाला ते पुढचं शून्य कोणी सांगितलंच नव्हतं! ही चूक तिची तिने शोधली आणि त्या तासाला एकानेही जर्नल उघडलं नाही.

मला असे तास वर्षभर हवे आहेत. म्हणून जाणकारांना विचारायचंय:

यादीतली प्रात्यक्षिकं बदलणं माझ्या हातात नाही. तीच ठेवून पाठांतर निरुपयोगी कसं करता येईल? संगणक कमी आहेत, एकावर दोघं-तिघं बसतात, त्यात टायपिंग येणाराच सगळं करतो. त्यावर काय उपाय? आणि सुरुवात लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणं), इफ (अट), फंक्शन अशा क्रमाने करावी की थेट सिम्युलेशनने, म्हणजे संगणकावर नकली प्रयोग अनेकदा करून?

प्रतिसाद

ताई, फार जिव्हाळ्याचा विषय काढलात. मी सिम्युलेशनने सुरुवात करतो. वर्गात २३ जण असतील तर निदान दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त, हे सूत्राने मुलांना येतं पण पटत नाही. दहा हजार वर्ग बनवून मोजायला लावलं की लूप का हवा हे वेगळं सांगावं लागत नाही.

पाठांतरावर उपाय: विदा (डेटा) प्रत्येकाची वेगळी. आरमध्ये सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या) म्हणून स्वतःचा परीक्षा क्रमांक टाकायचा. प्रात्यक्षिक तेच, आकडे प्रत्येकाचे निराळे आणि परीक्षकाला तोच क्रमांक टाकून पडताळता येतात. एक सांभाळा: आर ३.६.० पासून (२०१९) यादृच्छिक निवड करणाऱ्या 'सॅम्पल' फंक्शनची पद्धत बदलली, त्यामुळे जुन्या आणि नव्या आवृत्तीत तोच सीड टाकूनही निवड वेगळी येते. लॅबमधल्या सगळ्या मशीनवर एकच आवृत्ती टाकून घ्या.

प्रतिसाद

एका मशीनवर दोघं असतील तर एकाने फक्त बोलायचं, दुसऱ्याने फक्त टाइप करायचं, पंधरा मिनिटांनी अदलाबदल. बोलणाऱ्याने कीबोर्डला हात लावायचा नाही, हा नियम कडक पाळा.

ज्यांना संगणक मिळत नाही त्यांना चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या ओळी उलटसुलट करून कागदावर द्या आणि क्रम लावायला सांगा. याला पार्सन्स प्रॉब्लेम म्हणतात. सिद्धता लिहिणाऱ्या मुलांना हे पटकन जमतं, कारण कुठली ओळ कुठल्या ओळीवर अवलंबून आहे हे पाहायची त्यांना सवय असते.

आणि हे नक्की करून घ्या: २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ यांचं प्रचरण (व्हेरियन्स, म्हणजे आकडे किती विखुरलेत याचं माप). पायथनमधलं नमपाय ४ देतं, आर ४.५७ देतं. आधी दोन्हीकडची उत्तरं वहीत उतरवायची, मग भागाकार 'एन'ने झाला की 'एन वजा एक'ने हे मुलांनीच शोधायचं. संख्याशास्त्राची मुलं इथे गणितवाल्यांना शिकवतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. परीक्षा क्रमांकाचा सीड या सोमवारपासूनच लावते, आवृत्त्याही तपासून घेते. प्रचरणाचं उदाहरण दोन्ही गटांना एकत्र बसवून करेन.

आता एकच प्रश्न उरतो. बाहेरून येणारे परीक्षक आउटपुट जुळलं की पूर्ण गुण देतात. मोडका प्रोग्रॅम देऊन 'चूक शोधा आणि का चुकलं ते लिहा' असा प्रश्न कोणी विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत घातला आहे का? त्याची गुणविभागणी कशी केलीत, तेवढं कृपया सांगा.