मदत हवी आहे: मोबाइलच्या स्क्रीनवरून थेट फोटो पेपरवर प्रिंट, पण धूसर येते

ओएलईडी स्क्रीनवर निगेटिव्ह चित्र दाखवून, त्यावर कृष्णधवल व्हेरिएबल काँट्रास्ट पेपर (प्रकाशाच्या रंगानुसार काँट्रास्ट बदलणारा फोटो पेपर) उपडा ठेवून काँटॅक्ट प्रिंट काढतोय. खोलीत पूर्ण अंधार, फक्त लाल सेफलाइट (पेपरवर परिणाम न करणारा दिवा). चित्र आरशातल्यासारखं उलटं केलेलं आहे, ब्राइटनेस सर्वांत कमी, एक्स्पोजर साधारण सेकंदभराचं. डेव्हलपर (पेपरवर चित्र उमटवणारं रसायन) ताजा आहे. टोन छान येतात, हे बघून फार आनंद झाला. निळं चित्र वापरलं की काँट्रास्ट वाढतो, हिरवं वापरलं की मऊ होतो, म्हणजे वेगळे फिल्टर लागतच नाहीत!

अडचण फक्त धूसरपणाची. पेपर वरून जड काचेने दाबला, स्क्रीन गार्ड काढला, चित्र आधीच शार्प करून पाहिलं. थोडा फरक पडला, पण केस, पापण्या, बारीक अक्षरं अजून विरघळलेलीच दिसतात. माझ्या मते पिक्सेल आणि पेपर यांच्यामध्ये स्क्रीनची स्वतःची काच असते, आणि तेवढ्या अंतरात प्रत्येक पिक्सेलचा प्रकाश तिरका पसरतो. एलसीडीवर काळा भागही थोडा उजळतो, त्यामुळे पेपर करडा पडतो. तो पर्याय नको. सायनोटाइपही (निळ्या प्रिंटची जुनी पद्धत) सुचवू नका, त्याला लागणारे अतिनील किरण स्क्रीनमधून मिळत नाहीत. एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून पेपरवर पाडणारं यंत्र) नाही आणि फोन उघडायचा नाही.

बाजूने स्क्रीन दिसू नये म्हणून लावतात ती प्रायव्हसी फिल्म तिरका प्रकाश अडवते. अशा दोन फिल्म एकमेकींना काटकोनात ठेवून कोणी प्रिंट काढली आहे का? त्यांच्या जाडीमुळे वाढणारं अंतर धरूनही चित्र खरंच स्पष्ट होतं का, आणि फिल्मच्या बारीक रेघा पेपरवर उमटतात का?