बेअरिंग बदलल्यापासून ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएसचा दिवा लागतोय, सेन्सर बदलायचा का?

कोकणवारी
पेट्रोल हॅचबॅक, २०१९ची, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना. उजव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग घूं-घूं करत होतं म्हणून बदललं. तेव्हापासून चावी फिरवली की दिवे नेहमीसारखे लागून विझतात, पण वेग २०च्या आसपास गेला की एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल, दोन्हींचे दिवे लागतात आणि गाडी बंद करेपर्यंत जात नाहीत. स्कॅनरवर सी००४० (उजव्या पुढच्या चाकाच्या वेग-सेन्सरचा कोड) येतो, पुसला तरी परत तोच. गॅरेजवाले सेन्सर बदला म्हणतात. सेन्सरच गेला असेल का? आणि पावसात अशी गाडी घाटातून न्यावी का?

तारजोड
सेन्सरवर पैसे घालण्याआधी थांबा. दिवा कधी लागतो हे तुम्ही नेमकं लिहिलंत, निम्मं निदान त्यातच आहे.

चावी फिरवल्यावर मॉड्यूल, म्हणजे एबीएसचा छोटा संगणक, सेन्सरची फक्त विजेची जोडणी तपासतं. वायर तुटली असेल किंवा कपलर (वायरचा जोड) निघाला असेल तर उभ्या गाडीतच दिवा विझत नाही. तुमचा दिवा गाडी चालू लागल्यावर येतो. म्हणजे जोडणी शाबूत दिसतेय, पण तीन चाकं वेग सांगताहेत आणि चौथं गप्प आहे. बेअरिंगच्या कामानंतर हे झालं असेल तर पहिला संशय बेअरिंगवरच घ्या.

आताच्या बऱ्याच गाड्यांत सेन्सरने वेग वाचायला वेगळी दातेरी रिंग नसते. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते, उत्तर-दक्षिण ध्रुव आळीपाळीने. ती बाजू सेन्सरकडे, म्हणजे गाडीच्या आतल्या अंगाला यायला हवी. प्रेसवर बेअरिंग उलटं बसलं तरी चाक छान फिरतं, आवाजही येत नाही, फक्त सेन्सरला काही कळत नाही. एबीएस नसलेल्या मॉडेलचं, पट्टी नसलेलं बेअरिंग बसवलं तरी अगदी हेच होतं.

तपासायचं असं: एबीएसचा लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर घ्या. स्वस्तातली ब्लूटूथ यंत्रं बहुधा इंजिनापलीकडे वाचत नाहीत. मोकळ्या सरळ रस्त्यावर २० ते ३०च्या वेगात चारही चाकांचे आकडे शेजारी बसलेल्याला वाचायला सांगा. तिघांचे जवळपास सारखे आणि उजव्या पुढच्याचा शून्य आला तर सेन्सर काढून त्या भोकातून पट्टीवर चुंबकीय तपासणी कार्ड धरा. पट्टी असेल तर कार्डावर रेघा उमटतात. साधं चुंबक मात्र तिथे नेऊ नका, पट्टी खराब होते.

पानाहातोडी
तारजोड यांच्याशी सहमत. तरी सेन्सर काढलाच आहे तर त्याची बैठकही बघा. किनाऱ्यालगतच्या गाड्यांत नकलच्या (बेअरिंग आणि सेन्सर ज्यात बसतात त्या लोखंडी भागाच्या) भोकात गंज फुगतो, सेन्सर वर उचलला जातो, पट्टीपासूनचं अंतर वाढतं आणि सिग्नल कमजोर होतो. त्याची खूण वेगळी: ब्रेक लावून गाडी थांबता थांबता, अगदी कमी वेगात, कोरड्या रस्त्यावरही एबीएस पायाखाली थरथरतं. एमरी पेपरने बैठक घासून स्वच्छ करा, पण खरवडलेला गंज पट्टीवर पडू देऊ नका.

अडकलेला सेन्सर वायर धरून ओढू नका, तुटतोच. गंज सोडवणारं तेल मारून थोडा वेळ द्या आणि जागच्या जागी डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

दोन तारांच्या नव्या, ॲक्टिव्ह सेन्सरचं ओहममध्ये मोजमाप घेऊ नका, त्यातून काही कळत नाही. त्याला मॉड्यूलकडून वीज लागते आणि तो साधारण ७ आणि १४ मिलीॲम्पिअर अशा दोन पातळ्यांत बोलतो. ओहमचं माप जुन्या, गुंडाळीच्या सेन्सरसाठी, तिथे साधारण १,००० ओहमच्या आसपास येतं. वीज पाहायची तर कपलर काढून मल्टीमीटर लावून ठेवा आणि मगच चावी फिरवा. जोडणी तुटलेली दिसली की काही मॉड्यूल लगेच वीज तोडतात, आणि शून्य बघून माणूस चांगल्या वायरिंगला दोष देतो.

घाटाचं: फक्त एबीएस आणि ट्रॅक्शनचे दिवे असतील तर साधे ब्रेक चालतात, पण ओल्या उतारावर चाक लॉक होऊ शकतं. अंतर दुप्पट ठेवा, जमलं तर घाट टाळाच. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी हलवू नका. ब्रेक ऑइल कमी असू शकतं किंवा पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी बंद पडलेली असू शकते. तशा वेळी मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी गोल फिरते.

कोकणवारी
स्कॅनर लावला. तिन्ही चाकं २४-२५, उजवं पुढचं ०. कार्डावर एकही रेघ नाही, डाव्या बाजूला मात्र स्वच्छ दिसतात. तेच बेअरिंग काढून पलटून बसवता येईल का?

तारजोड
नाही. हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) प्रेसने बाहेर काढताना जोर बेअरिंगच्या गोळ्यांवर येतो, त्यांच्या चाकोरीत खळगे पडतात आणि थोड्याच दिवसांत आवाज परत सुरू होतो. नवीनच घ्या, आणि बसवण्याआधी दोन्ही बाजूंना कार्ड लावून पट्टीची बाजू खात्रीने ठरवा. नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर द्यायला सांगा. हब आत घालताना आतल्या रिंगला खालून आधार हवा. एक्सलचा नट नवा लावून मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच (आवळण्याच्या जोराला) कसा, एअर गनवर सोडू नका. कोड पुसल्यावरही काही गाड्यांत दिवा लगेच जात नाही. थोडं अंतर २०च्या वर चालवल्यावर मॉड्यूलला चारही चाकं दिसतात आणि मग तो विझतो.