मदत हवी आहे (तातडीची): पडवीतल्या दिव्याचा टायमर वेळ पाळत नाही

चाकरमानी_ठाणे (संध्या. ७:०८)
नमस्कार मंडळी. गौरी-गणपती आटोपले, उद्या पहाटेच्या गाडीने ठाण्याला परत निघतोय. घर आता थेट दिवाळीपर्यंत बंद. पडवीतला दिवा रोज संध्याकाळी लागावा आणि रात्री विझावा एवढ्यासाठी चिपळुणातून प्लगमध्ये खोचायचा टायमर आणला. प्रोग्रॅम टाकला. काल दिवा लागलाच नाही, मग लागला तो विझेना. सकाळी वैतागून उपटून ठेवला. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, पीस चांगला आहे, सेटिंग बघा. सेटिंग बरोबर आहे. कोणाला यातलं कळत असेल तर लगेच सांगा, इथे रेंज खळ्याच्या टोकाला उभं राहिलं तरच मिळते.

शंकासूर (७:१५)
गोल तबकडीवाला की डिजिटल? वेळा काय टाकल्यात? "मग लागला" म्हणजे आपोआप लागला की तुम्ही लावलात? दिवा कुठला, किती वॅटचा? फोटो टाका.

ऑटोमेशनवाला (७:१७)
टायमर विसरा दादा, जुनी टेक्नॉलॉजी आहे. स्मार्ट प्लग घ्या. अ‍ॅपमध्ये गाव टाकलं की सूर्यास्ताला दिवा आपोआप लागतो, ऋतूप्रमाणे वेळ बदलायचीही कटकट नाही. ठाण्यात बसून मोबाइलवर दिसेल दिवा चालू आहे की नाही. मी घरातले सगळे दिवे, गीझर, फिश टँक त्यावरच टाकलंय.

पेठेतून (७:२०)
रेंज खळ्याच्या टोकाला येते असं धाग्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. प्रतिसाद देण्यापूर्वी धागा वाचायची पद्धत असते.

ऑटोमेशनवाला (७:२२)
म्हणून काय झालं? सिमवाला राउटर ठेवायचा. आणि बऱ्याच प्लगमध्ये एकदा सेट केलेलं शेड्यूल आतच साठतं, नेट नसलं तरी चालतं.

पेठेतून (७:२६)
नऊ-दहा वॅटचा दिवा लागावा म्हणून बंद घरात दिवाळीपर्यंत राउटर तापत ठेवायचा. धन्य आहे. आणि लाइट जाऊन आली की त्या प्लगला बरोबर वेळ कोण सांगणार? खळ्याच्या टोकाला कोण उभं राहणार?

जुना_वायरमन (७:३१)
नमस्कार. मी चाळीस वर्षं याच कामात काढली, आता निवृत्त. माझं मत विचाराल तर तबकडीवाला टायमर केव्हाही चांगला. कडेने ९६ दाते असतात, एक दाता म्हणजे १५ मिनिटं. जेवढा वेळ दिवा हवा तेवढे दाते खाली दाबायचे, तबकडी फिरवून आत्ताची वेळ बाणासमोर आणायची, संपलं. बटणं नाहीत, मेनू नाही. आजी-आजोबांनाही जमतं.

शंकासूर (७:३४)
काका, मान्य, पण तबकडीतली मोटर लाइटीवर फिरते. लाइट दोन तास गेली की घड्याळ दोन तास मागे. कोकणात दिवाळीपर्यंत बंद घर, म्हणजे परतीच्या पावसात किती वेळा जाईल मोजा. नवरात्रात या पडवीत भरदुपारी दिवा लागलेला दिसेल.

जुना_वायरमन (७:३६)
हे खरं. शहरात चालतो.

चाकरमानी_ठाणे (७:३९)
डिजिटल आहे. एलईडी, नऊ वॅट. संध्याकाळी ६:१५ चालू, रात्री १०:३० बंद, सगळे वार. काल सातच्या सुमारास प्रोग्रॅम टाकला, बराच वेळ वाट बघितली, लागेना म्हणून मधलं बटण दाबून लावला. रात्री साडेदहाला विझायला हवा होता, सकाळी बघतो तर चालूच. पुन्हा तेच बटण दाबलं तरी विझेना. म्हणजे पीसच खराब ना? फोटो अपलोड होत नाहीये.

रानमाणूस (७:४१)
कोकणात चोर कसले येतात भाऊ, येतात ती वानरं. दिव्याने काही होत नाही. टायमरवर रेडिओ लावा, सकाळी ७ ते ९ आणि दुपारी ३ ते ५. आमच्या भाटीत केळी त्यामुळेच वाचली.

लेस्टरची_मावशी (७:५२)
चाकरमानी, पीस अजिबात खराब नाही. इकडे इंग्लंडमध्ये घराघरात हे टायमर असतात, सुट्टीवर जाताना सगळे लावून जातात, आणि सगळ्यांची गाडी याच ठिकाणी अडते.

नीट वाचा. टायमरला "आत्ता या वेळी दिवा चालू असायला हवा की बंद" हे कळत नाही. त्याला एवढंच कळतं की ६:१५ वाजले की लाव आणि १०:३० वाजले की विझव. तुम्ही सात वाजता प्रोग्रॅम टाकलात तेव्हा ६:१५ होऊन गेले होते. त्याच्या लेखी पुढचं काम थेट १०:३० ला विझवायचं. म्हणून दिवा लागला नाही.

आता ते मधलं बटण. डिस्प्लेच्या तळाला ऑन, ऑटो, ऑफ असे तीन शब्द छापलेले असतील आणि त्यातल्या एकावर बारीकशी आडवी रेघ येत असेल. तुम्ही दाबलंत तेव्हा रेघ ऑनवर गेली. ऑनवर असताना तो प्रोग्रॅमकडे बघतच नाही, म्हणून रात्रभर चालू. सकाळी दाबलंत तेव्हा ऑनवरून ऑटोवर आला. आणि ऑनवरून ऑटोवर आला की पुढची "विझव"ची वेळ येईपर्यंत तो चालूच राहतो. म्हणजे आज रात्री साडेदहाला विझला असता!

उपाय: रेघ आधी ऑफवर न्या, दिवा विझला की मग ऑटोवर आणा. ऑफवरून ऑटोवर आला की पुढच्या ६:१५ पर्यंत गप्प राहील.

अजून एक, डिस्प्लेच्या कोपऱ्यात छोटा एस किंवा "+१" असं काही दिसतंय का?

पेठेतून (७:५५)
मावशींच्या प्रतिसादाला +१. धागा इथेच संपायला हवा, संपणार नाही.

मत्स्यकन्या (७:५८)
टायमरचा विषय निघालाच आहे तर विचारते, माझ्या टाकीचा दिवा आणि फिल्टर एकाच टायमरवर लावले तर चालतील का? दिवा ८ तास हवा आहे.

कोरडवाहू (८:०१)
डिजिटल टायमर चांगला असतो. मी विहिरीवरच्या एक एचपी पंपाला लावलाय, रोज पहाटे ५ ला चालू. वर १६ अँपिअर लिहिलंय, पंप घेतो चार-पाच. काही प्रॉब्लेम नाही.

जुना_वायरमन (८:०६)
कोरडवाहू, प्रॉब्लेम आज नाही, उद्या येईल. ते १६ अँपिअर हीटर-इस्त्रीसारख्या लोडचे. मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. टायमरच्या आत नखाएवढा रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) असतो, त्याचे पॉइंट एक दिवस चिकटणार. मग टायमर दाखवणार बंद आणि पंप चालू, विहीर कोरडी आणि मोटर जळलेली. पंपाला मध्ये काँटॅक्टर टाका. टायमरने फक्त काँटॅक्टरची कॉइल ओढायची, पंपाचा करंट काँटॅक्टरने सोसायचा.

कोरडवाहू (८:०८)
दोन वर्षं झाली, काही चिकटलं नाही.

जुना_वायरमन (८:०९)
बरं.

चाकरमानी_ठाणे (८:१४)
हो, एस दिसतोय. त्याचा काय संबंध?

लेस्टरची_मावशी (८:१९)
मग तुमचं घड्याळ एक तास पुढे आहे. इकडे उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात, त्यासाठीची ती सोय. दोन बटणं चुकून एकदम दाबली गेली की चालू होते. बहुतेकांत तास आणि मिनिट, नाहीतर घड्याळ आणि मधलं बटण एकत्र दाबलं की जाते; तुमच्या डबीवरच्या कागदात असेल. ते घालवा, मग वेळ तपासा, आणि वारही तपासा.

तिथेच "रँडम" असं काही नाही ना? ते चालू असेल तर दिवा मुद्दाम काही मिनिटं इकडेतिकडे करून लागतो, घरात माणूस आहे असं वाटावं म्हणून. तुमच्या कामाला ते खरं तर चांगलंच, पण आधी साधं चालवून बघा.

आणि ६:१५ पर्यंत थांबून तपासायची गरज नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या प्रोग्रॅममध्ये आत्तापासून तीन मिनिटांनी चालू आणि पाच मिनिटांनी बंद असं टाका, समोर बसून बघा, मग तो प्रोग्रॅम पुसा.

ऑटोमेशनवाला (८:२१)
हेच म्हणत होतो. रेघ, एस, दोन बटणं एकत्र. स्मार्ट प्लगला यातलं काही नाही.

पेठेतून (८:२२)
त्याला इंटरनेट लागतं. पुन्हा सांगतो.

जुना_वायरमन (८:२५)
चाकरमानी, एक विचारायचं राहिलं. या टायमरची पिन जाड असते, पॉवरच्या सॉकेटची. जुन्या घरात पडवीत पॉवरचा सॉकेट कुणी बसवत नाही. मग खोचलाय कुठे?

चाकरमानी_ठाणे (८:३३)
कन्व्हर्टर लावून. बारका सॉकेट, त्यात कन्व्हर्टर, त्यात टायमर, त्यात दिव्याचा प्लग. जरा पुढे लोंबतंय.

जुना_वायरमन (८:३८)
नऊ वॅटला जळणार काही नाही, पण लोंबकळलेला प्लग ढिला होतो, आत चुरचुर करतो आणि टायमर मध्येच बंद-चालू होत राहतो. खालून टेकू द्या, एखादी लाकडी पट्टी चालेल. आणि त्या बोर्डावर गीझर, इस्त्री कुणी लावू नये. २००० वॅटचा गीझर म्हणजे जवळपास ९ अँपिअर, तो बारका सॉकेट ६ चा.

डोंबिवलीकर_काकू (८:४०)
साडेदहाला कशाला विझवता? पडवीत रात्रभर दिवा असावा. आमच्याकडे दिवे लागणीला लावलेला दिवा सकाळीच बंद करायचो.

शंकासूर (८:४२)
काकू, रात्रभर पेटलेला दिवा म्हणजे घर बंद असल्याची पाटी. माणसं राहतात त्या घरातला दिवा झोपायच्या वेळी विझतो.

नानांचा_नातू (८:४४)
त्यापेक्षा फोटोसेल लावा ना, रस्त्यावरच्या खांबाला असतो तसा. अंधार पडला की चालू, उजाडलं की बंद. वेळ लावायचीच नको.

शंकासूर (८:४६)
तो रात्रभर चालू राहतो, वर त्यावरच बोललो. शिवाय दिव्याचाच उजेड सेन्सरवर पडला की त्याला वाटतं उजाडलं. मग रात्रभर लागतोय-विझतोय.

चाकरमानी_ठाणे (८:५१)
एस घालवला. दुसरा प्रोग्रॅम टाकून बघितला, लागला आणि विझलाही. रेघ आता ऑटोवर, दिवा बंद. टेकूला पाट लावलाय. धन्यवाद मावशी.

शंकासूर (८:५४)
छान. आता शेवटचा प्रश्न. उद्या निघताना मेन स्विच पाडणार ना?

चाकरमानी_ठाणे (८:५९)
अर्थात. मेन पाडल्याशिवाय कोण घर बंद करतं? ऑक्टोबरात विजा कशा पडतात माहीत आहे ना?

पेठेतून (९:००)
वा.

रानमाणूस (९:०१)
😂😂 भाऊ मग दिवा कशावर लागणार, श्रद्धेवर?

जुना_वायरमन (९:०७)
हसू नका, गावाकडे सगळेच मेन पाडतात आणि ते बरोबरच आहे. चाकरमानी, बोर्ड कसला आहे? एमसीबी आहेत की जुने किटकॅट फ्यूज?

चाकरमानी_ठाणे (९:१२)
किटकॅट. मेन स्विच आणि खाली चार. पडवी आणि ओटीचा एक आहे, वडिलांनी खडूने "प." लिहिलंय त्यावर.

जुना_वायरमन (९:१८)
वडिलांना नमस्कार सांगा. असं करा: मेन बंद करा, चप्पल घाला, हात कोरडे. "प." सोडून बाकी तीन किटकॅटचे वरचे भाग उपसून कपाटात ठेवा. मग मेन चालू करा. आता घरात फक्त पडवी-ओटीला लाइट. फ्रिजचं दार उघडं ठेवा, नाहीतर दिवाळीत बुरशी काढत बसाल. वीज पडली तर टायमर आणि दिवा जातील, बाकी वस्तूंचे प्लगही काढून ठेवले असतील तर त्या बऱ्यापैकी वाचतील. घराला ईएलसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) असेल तर मात्र ओल आली की ती पडणार आणि तुम्ही येईपर्यंत अंधार. त्याला इलाज म्हणजे शेजारी.

चाकरमानी_ठाणे (९:२१)
ईएलसीबी नाही.

जुना_वायरमन (९:२२)
दिवाळीत आलात की बसवून घ्या. दिव्यापेक्षा ते महत्त्वाचं.

लेस्टरची_मावशी (९:२९)
आणि टायमर आज रात्रभर सॉकेटमध्येच राहू द्या. आत बारीक बॅटरी असते, लाइट गेल्यावर घड्याळ तीच धरून ठेवते. नवा टायमर काही तास चार्ज झाल्याशिवाय ती बॅटरी टिकत नाही. सकाळी मेन बंद करून किटकॅट काढाल, पुन्हा चालू कराल, तेव्हा घड्याळ शाबूत आहे ना आणि रेघ ऑटोवरच आहे ना एवढं बघूनच कुलूप लावा.

रानमाणूस यांच्या रेडिओबद्दल: फिरवायच्या खटक्याचा जुना रेडिओ असेल तरच. बटण दाबून चालू होणारा असेल तर टायमरने लाइट दिली तरी तो झोपूनच राहतो. टीव्ही, एसीचंही तेच.

ऑटोमेशनवाला (९:३३)
अवांतर: आता स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या युनिटला सवलत आहे. त्यामुळे वॉशिंग मशीन, गीझर टायमरवर दिवसा टाकणं परवडतं. इंग्लंडमध्येही रात्रीची स्वस्त वीज असते ना?

लेस्टरची_मावशी (९:३७)
हो, रात्रीचे सात तास. पाण्याचे हीटर टायमरवर तेव्हाच तापवतात. पण गीझर दुपारी तापवून तुम्ही आंघोळ कधी करणार?

पेठेतून (९:३९)
स्मार्ट मीटरचा वेगळा धागा आहे, तिथे आधीच तीनशे प्रतिसाद आहेत. कृपा करा.

मत्स्यकन्या (९:४१)
माझ्या टाकीचं कोणी सांगेल का?

शंकासूर (९:४४)
फिल्टर टायमरवर कधीच नको, तो चोवीस तास चालू हवा, नाहीतर त्यातले चांगले जिवाणू मरतात आणि मासेही. फक्त दिवा टायमरवर. दोन वेगळे सॉकेट.

चाकरमानी_ठाणे (९:५२)
किटकॅट पहाटे काढेन. डिसेंबरात सूर्य सहालाच मावळतो, दिवाळीत आलो की वेळ पावणेसहा करून ठेवतो. सर्वांचे आभार, मोबाइल १२ टक्क्यांवर आहे, आत जातो.

कोरडवाहू (१०:०५)
वायरमन काका, तो काँटॅक्टर किती अँपिअरचा घ्यायचा?

जुना_वायरमन (१०:११)
घरचा एक एचपी सिंगल फेज ना? मग १६ चा पुरे. दुकानात "मोटरसाठी" सांगा आणि कॉइल २३० व्होल्टची आहे ना ते बघून घ्या. बसवायला मात्र माणूस बोलवा.