विषय: छपरातली खिडकी – फ्लॅशिंग आहे, मग फेल्टचं काय?

क्रॉयडनकर:

नमस्कार मंडळी,
लॉफ्टमध्ये (छपराखालच्या माळ्यात) ७८ × ९८ सेंमीच्या दोन खिडक्या बसवायच्या आहेत. घर १९३० च्या दशकातलं, छपराचा उतार ३५ अंश, वर काँक्रीटची नक्षीदार कौलं, खाली जुनं काळं डांबरी फेल्ट (पाणी अडवणारी चादर). दोन कोटेशन्स आली. पहिल्यात फक्त खिडकी आणि फ्लॅशिंग किट (चौकटीभोवती कौलांत बसणारे पत्रे). दुसऱ्यात त्याखेरीज इन्सुलेशन कॉलर (चौकटीभोवतीचा थंडी अडवणारा पट्टा), फेल्टची कॉलर (चौकट फेल्टला जोडणारा पट्टा) आणि खिडकीच्या वरची पन्हळ. पहिला बिल्डर म्हणतो, फ्लॅशिंग असताना बाकीचं फुकटचं, कडेने सिलिकॉन मारून देतो. कोणाचं ऐकावं?

लीड्सकर:

दुसऱ्याचं. सिलिकॉनने छप्पर राखतो म्हणणाऱ्याला छपरावर चढूच देऊ नका.

मूळ मुद्दा असा की कौलं सगळं पाणी अडवत नाहीत. वाऱ्याचा पाऊस आणि भुरभुरीत बर्फ सांध्यांतून आत शिरतो, फेल्टवर पडतो आणि उताराने वळचणीच्या पन्हळीत जातो. कोकणातल्या मंगळुरी कौलांखाली फेल्ट नसतं, चार थेंब आले तरी खेळत्या वाऱ्याने वाळतात. इथे ब्रिटनमध्ये फेल्टखाली इन्सुलेशन आणि प्लास्टरबोर्ड, वाळायला वावच नाही. खिडकीसाठी त्या फेल्टला भोक पाडलं की आढ्याकडून येणारं पाणी थेट चौकटीच्या डोक्यावर. फ्लॅशिंग कौलांवरचं पाणी सांभाळतं. फेल्टवरचं सांभाळायला पन्हळ आणि कॉलर.

भोक चौकटीपेक्षा प्रत्येक बाजूला २०–३० मिमी मोठं ठेवतात, इन्सुलेशन कॉलर बसण्यापुरतं. वासा कापावा लागला तर शेजारचे वासे दुहेरी आणि वर-खाली आडवे वासे. हे बिल्डिंग कंट्रोलला (बांधकाम तपासणाऱ्या खात्याला) दाखवावं लागतं.

फेल्ट चौकोनी कापून टाकू नये. छेद देऊन पाकळ्या करायच्या आणि त्या चौकटीवर उभ्या दुमडून स्टेपल करायच्या. तुमचं डांबरी फेल्ट थंडीत पापडासारखं तुटेल, तेव्हा नव्या मेम्ब्रेनचा (फेल्टच्या जागी वापरतात त्या चादरीचा) पट्टा लागेलच असं धरून चाला. त्याची वरची कड जुन्या फेल्टच्या खाली किमान १५० मिमी सरकलेली हवी. नियम कौलांचाच: वरचा थर खालच्यावर चढतो. उलट झालं तर टेप कितीही लावा, पाणी फटीत शिरणारच.

पन्हळ खिडकीच्या वर बसते. तिथे फेल्टला आडवा छेद देऊन तिची वरची कड फेल्टखाली सरकवायची. दोन चुका नेहमीच्या. एक, ती अगदी लेव्हलमध्ये बसवतात. मग पाणी साठतं आणि मधोमध ओघळतं. तिला एका बाजूला स्पष्ट उतार हवा. दुसरी, ती तोकडी कापतात. तिचं तोंड खिडकीची बाजू ओलांडून शेजारच्या वाशापलीकडे, धड फेल्टवर सुटलं पाहिजे. नाहीतर आपणच पाणी कोपऱ्यात नेऊन सोडतो.

चौकट बसवताना झडप (काचेचा उघडणारा भाग) काढून ठेवतात. चौकट वाशांना धरणाऱ्या खालच्या पट्ट्यांचे स्क्रू घट्ट, वरचे ढिले. मग झडप परत लावून चौफेर फट सारखी आहे का बघायचं, दोन्ही कर्ण मोजायचे आणि त्यानंतरच वरचे स्क्रू आवळायचे. कर्णात फरक राहिला तर झडपेभोवतीचं रबर एका कोपऱ्यात दाबलं जात नाही, आणि तिथून येणारा वारा नंतर कशानेच थांबत नाही. भोवतीच्या फटीत फवाऱ्याचा फोम नको. तो फुगून चौकट आत ढकलतो, झडप अडकते.

फ्लॅशिंगचा क्रम: आधी खालची झालर (कौलांवर पसरणारी मऊ पट्टी), मग बाजू, शेवटी डोकं (वरचा तुकडा). झालर कौलाच्या नक्षीत हाताने दाबून बसवायची, ताणायची नाही. बाजूच्या तुकड्यांवर स्पंजची पाचर असते. कौल नीट बसत नाही म्हणून ती उपटून टाकलेली सर्रास दिसते, पण वाऱ्याचा पाऊस आणि बर्फ तीच अडवते. कौल कापा, पाचर नाही. बाजूची कौलं चौकटीपासून साधारण ३०–६० मिमी, वरची ६०–१५० मिमी. तुमच्या मॉडेलच्या पत्रकात वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. हे मोकळे पट्टे पाणी वाहायला ठेवलेले असतात. तिथे सिलिकॉन भरलं की पानं अडकतात, पाणी तुंबतं आणि फ्लॅशिंगची कड ओलांडून आत येतं. ग्राइंडरने कौलं कापल्यावर तो सिमेंटचा चिखलही तिथून झाडून काढायला सांगा, वाळला की दगड होतो.

ग्लासगोकर:

लीड्सकरांच्या म्हणण्यात भर. फ्लॅशिंगचा कोड तपासा. वेलक्स या खिडक्यांच्या कंपनीच्या किटमध्ये ईडीडब्ल्यू नक्षीदार कौलांसाठी, ईडीएल पातळ सपाट स्लेटसाठी. क्रॉयडनकरांना पहिलं हवं. आमच्याकडे स्कॉटलंडमध्ये स्लेटखाली सलग फळ्या असतात, त्यामुळे इथला फोटो बघून तिकडचं काम करू नका. उतार १५ अंशांखाली असेल तर हा प्रकारच चालत नाही, सपाट छपराची खिडकी लागते.

'खिडकी गळते' म्हणून येणाऱ्या तक्रारींत बरीचशी गळती नसतेच, घाम असतो, म्हणजे खोलीतली वाफ थंड काचेवर जमून झालेलं पाणी. आठवडाभर कोरडी थंडी आणि सकाळी खालची चौकट ओली, तर छपरावर चढूच नका. आतून बाष्परोधक (वाफ अडवणारी) कॉलर लावली आहे का आणि ती छताच्या आतल्या बाष्परोधक थराला टेपने जोडली आहे का ते पाहा. आतलं अस्तर वर जमिनीला समांतर आणि खाली उभं हवं, म्हणजे रेडिएटरची ऊब काचेवरून फिरते. वर-खाली दोन्हीकडे चौकटीशी काटकोनात केलं की थंड हवा खाली साठते.

खरी गळती शोधायची तर पाण्याचा पाइप खालून वर न्या. आधी फक्त झालर, दहा मिनिटं. मग एक बाजू, दुसरी बाजू, मग डोकं. एक माणूस आत टॉर्च घेऊन. पहिल्यांदाच आढ्यावरून पाणी सोडलं तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही.

क्रॉयडनकर:

आभार. दुसऱ्यालाच काम देतोय. परवानगीचं काय?

लीड्सकर:

इंग्लंडमध्ये साध्या घराला बहुधा प्लॅनिंगची परवानगी लागत नाही, पण खिडकी छपराच्या पातळीपासून १५० मिमीपेक्षा वर यायला नको. बाजूच्या शेजाऱ्याकडे तोंड असेल तर काच अपारदर्शक हवी, आणि खोलीच्या जमिनीपासून १.७ मीटरच्या खालचा भाग उघडता येणारा नको. संवर्धन क्षेत्र (जुन्या रूपासाठी जपलेली वस्ती) असेल तर काउन्सिलला आधी विचारा.

आणि एक. कौलं परत चढण्याआधी स्वतः वर जाऊ नका, मचाणावरच्या माणसालाच सांगा: पन्हळीच्या वरच्या फेल्टवर बाटलीभर पाणी ओत आणि ते कुठून बाहेर पडतं त्याचा व्हिडिओ काढ. शेवटचा हप्ता तो बघून द्या.