ब्रेनट्रीचं वीजकेंद्र बहुतेक दिवस बंदच का असतं?

ब्रेनट्रीकर: आम्ही बोस्टनच्या दक्षिणेला, ब्रेनट्रीत राहतो. वीज गावाच्या स्वतःच्या खात्याची, १८९२ पासूनची. फोर नदीकाठी त्यांचं वॉटसन नावाचं छोटं गॅसकेंद्र आहे (वॉटसन म्हणजे टेलिफोनवाल्या बेलचा मदतनीस तोच, पुढे त्याने इथे जहाजांचा कारखाना काढला). सासूबाई पुण्याहून आल्या आहेत. रोज फिरायला तिकडेच जातो. परवा विचारतात, "अगं, ही गिरणी बंद पडली का? धूर नाही, आवाज नाही." मलाही सांगता येईना. बंदच ठेवायचं तर बांधलं कशाला?

खवचट: नगरपालिका म्हटलं की टेंडर आलंच. इथून तिथून सगळं सारखंच!

उरणचा_निवृत्त: टेंडरवर ढकलू नका हो. मी उरणच्या गॅस टर्बाइनवर नोकरी केली, म्हणून सांगतो. संध्याकाळी दिवे लागले, मागणी चढली की आपल्याकडे कोयना धावून येते. पाणी सोडलं, वीज तयार. ब्रेनट्रीत कुठला सह्याद्री! तिथे ते काम हे केंद्र करतं. ५८ मेगावॅटची दोन यंत्रं, २००९ साली बसवलेली. बोईंग ७७७ च्या पंखाखाली जे ट्रेंट इंजिन असतं, त्याच घराण्यातली. पुढचा मोठा पंखा नाही, शाफ्टला जनित्र जोडलेलं. थंड बॉयलर तापवून वाफेचा संच ग्रिडवर घ्यायला कित्येक तास जातात, हे दहा मिनिटांत पूर्ण लोडवर. नुसतं तयार राहण्याचेही पैसे ग्रिड देते. आमच्या अग्निशमनवाल्यांना आग नाही म्हणून पगार कापत नव्हते.

खोट एकच. गरम वायू सरळ चिमणीतून जातो. उरणला आम्ही त्याच उष्णतेवर वाफ करून १२० मेगावॅटचे दोन संच चालवायचो. पण वर्षातले थोडेच तास चालणाऱ्या यंत्रामागे तेवढा पसारा परवडत नाही.

पुणेकर_सोलर: मग बॅटरी का नाही लावत?

उरणचा_निवृत्त: उन्हाळ्यातल्या चार तासांना बॅटरी उत्तमच, मी विरोधात नाही. पण तिकडची थंडी आठवडा-आठवडा मुक्काम ठोकते. तेव्हा पाइपातला गॅस आधी घरं तापवायला जातो, वीजकेंद्रांना उरेल तेवढा. २०१७ संपताना आलेल्या लाटेत न्यू इंग्लंडने (म्हणजे बोस्टनच्या आसपासची सहा राज्यं) दोन आठवड्यांत सुमारे २० लाख पिंपं तेल जाळलं. म्हणूनच तुमची यंत्रं गॅस नसेल तर डिझेलवरही चालतात.

ब्रेनट्रीकर: काका, सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या विचारतात, सुरू झाली की आम्हाला कळणार कसं?

उरणचा_निवृत्त: त्यांना सांगा, धूर शोधू नका. कडक उन्हाळ्यात संध्याकाळी पाचला जा. चिमणीच्या तोंडावरची हवा थरथरताना दिसली की समजा, लागली कामाला.