प्रायव्हसी म्हणजे गोपनीयता का खासगीपणा?

एआय सिक्युरिटीचा विषय शिकवते, स्लाइडवर प्रायव्हसीला गोपनीयता लिहिलं तर एक पोरगा म्हणे मग कॉन्फिडेन्शिॲलिटीला काय? आता बोला. आणि ट्रस्टवर्दी एआयला विश्वासू एआय चालेल का?

— ताई, गोपनीयता म्हणजे मंत्री शपथ घेतात ती, हाती आलेली माहिती फोडायची नाही, बास. प्रायव्हसीला खासगीपणाच बरा. वर्गात लटान्या स्वीनींचा किस्सा सांगा. १९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी नावं काढून अभ्यासकांना दिल्या होत्या, स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या, त्यांनी २० डॉलरला तिथल्याच केंब्रिज शहराची मतदारयादी घेतली आणि जन्मतारीख, लिंग, पिनकोड जुळवत बसल्या. त्या राज्याचे गव्हर्नर वेल्ड यांच्या जन्मतारखेचे ६ जण निघाले, त्यात पुरुष ३, आणि त्यांच्या पिनकोडात एकटे तेच! नाव कोणीच फोडलं नव्हतं, तरी साहेबांचे आजार उघड्यावर.

— मग निजता का नको? सुटसुटीत आहे की.

— हिंदी वास येतो हो. सुप्रीम कोर्टाने प्रायव्हसी हा मूलभूत हक्क ठरवला त्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालावेळी आपल्या पेपरांत गोपनीयता आणि खासगीपणा दोन्ही छापून येत होतं, निजता हिंदीवाल्यांकडे.

— सिक्युरिटी आणि सेफ्टी दोन्हीला सुरक्षा लिहू नका म्हणजे झालं. समोर कोणी मुद्दाम टपून बसलाय तिथे सुरक्षा, आपोआप घात होऊ नये म्हणून जे करायचं ती सुरक्षितता. स्टॉपच्या पाटीवर चार स्टिकर चिकटवले आणि चित्रं ओळखणाऱ्या एआय मॉडेलने ती वेगमर्यादेची पाटी म्हणून वाचली, २०१८ चा शोधनिबंध आहे, हा सुरक्षेचा धडा. तीच पाटी धुक्यात दिसली नाही तर सुरक्षिततेचा. सरकारी पत्रकांत मात्र सगळी सरमिसळ, कोण सांगणार त्यांना.

— विश्वासू नको ताई, विश्वासू गडी असतो, मुनीम असतो, त्यात निष्ठा आली. मशीनला कसली निष्ठा? विश्वासार्ह म्हणजे तपासून भरवसा ठेवण्याजोगं, युरोपियन कमिशनच्या तज्ज्ञ गटाने २०१९ मध्ये ७ निकष दिलेत त्यात मानवी देखरेख, पारदर्शकता, उत्तरदायित्व असलंच सगळं आहे, निष्ठा कुठेच नाही.

— बरं, आणि डिफरन्शियल प्रायव्हसी? विभेदक खासगीपणा लिहिलं तर वर्ग हसेल.

— इंग्रजी नावच ठेवा की. तुमची नोंद यादीत असो वा नसो, उत्तर जवळपास तेच यावं म्हणून आकड्यांत मोजून गोंधळ (नॉइज) मिसळायचा, एवढं फळ्यावर लिहा, पोरांना कळतं.